स्वस्तातला लेझर स्कॅनर: माप किती खरं?

प्रश्न: सर, लातूरला माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचे, पेरणीयंत्राचे जुने पार्ट घेऊन लोक यायलेत, असाच नवा करून द्या म्हणायलेत. पार्टचा आकार मोजून कॉम्प्युटरवर त्याचं थ्रीडी मॉडेल करणारा स्वस्तातला लेझर स्कॅनर घ्यावा म्हणतोय, बॉक्सवर ०.१ मिमी लिहिलंय. तेवढं माप खरंच मिळतं का?

उत्तर: भाऊ, मिळतं, पण सगळं जुळून आलं तर. तो आकडा बऱ्याचदा एका फ्रेमचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या एका फोटोचा असतो, पार्ट फिरवत फिरवत शेकडो फ्रेम जोडल्या की चूक साठत जाते, म्हणून मुठीएवढा पार्ट चांगला येतो अन् हातभर लांब कास्टिंग (ओतीव पार्ट) स्कॅनमध्ये हळूच वाकडं येतं. कॅमेरा लेझरची रेघ तिरपी बघून अंतर काढतो, तेव्हा रेघ जाड किंवा कॅमेरा-लेझरमधला कोन लहान असला की खोलीचं माप ढिलं पडतं. चकचकीत अन् काळ्या पार्टवर तर रेघच नीट दिसत नाही, पांढरा स्कॅनिंग स्प्रे मारावा लागतो. आपल्याकडच्या भर उन्हात तर विचारूच नका, शेडमध्येच बसा.

घ्यायच्या आधी दुकानात ६२०५ नंबरचं बेअरिंग न्या, स्प्रे मारून स्कॅन करायला लावा, बाहेरचा व्यास ५२ मिमी यायला पाहिजे. किती फरक पडला ते तिथंच कळतं.

अन् बेअरिंग बसायची जागा स्कॅनवरून कापू नका. २५ मिमीच्या एच७ बोअरला (एच७ म्हणजे भोकाच्या अचूकतेचा ठरलेला दर्जा) मापात कमी-जास्त व्हायची सूट फक्त ०.०२१ मिमीची असते. इम्पेलरच्या (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्यांचा बाक स्कॅनरनं घ्या, फिटिंगची मापं मायक्रोमीटर अन् बोअर गेजनंच (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन).