डबा गाडीचा की गाडीवरचा?

प्रश्न: आम्ही सिन्नर तालुक्यातले शेतकरी. 2022 मध्ये सेकंडहँड पिकअप घेतला, पिवळ्या पाटीचा, मालवाहू. कंपनीचा हौदा काढून फॅब्रिकेटरकडून सपाट डेक करून घेतला आणि त्यावर छत वर उचलता येणारा, बाजूंना ताडपत्री असलेला झोपायचा डबा बसवला. डबा काढता येतो. मे महिन्यात हरिहरेश्वरला निघालो. पुढे मी आणि मिस्टर, मागे डब्यात सासूबाई आणि दोन मुलं. घाट उतरल्यावर आरटीओच्या वायुवेग पथकाने थांबवलं. दोन चलानं आली: वाहनात बदल केल्याचं 5,000 आणि माल बाहेर आल्याचं 20,000. मिस्टर म्हणतात, भरून टाकू आणि विषय संपवू. खरंच संपेल का? डबा आरसीवर चढवता येईल का? आणि दिवाळीला पुन्हा जायचं आहे, जाऊ का?

उत्तर: ताई, तुम्ही पत्रासोबत फोटो, आरसीची प्रत आणि काट्याची पावतीही पाठवलीत, त्यामुळे अंदाजाने बोलावं लागत नाही. पण चलानाच्या आधी एक गोष्ट सांगतो. तुमच्या पत्रात ती एका ओळीत आली आहे आणि मला सगळ्यात जास्त तीच टोचली. सासूबाई आणि मुलं मागे डब्यात होती.

मालवाहू गाडीत मागे बसलेल्या माणसाचं कायद्यातलं स्थान फार वाईट आहे. आशा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी डिसेंबर 2002 मध्ये निकाल दिला की मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. 1994 च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना विम्याचं संरक्षण मिळतं, पण तुमची मुलं मालाचे मालक म्हणून बसली नव्हती. घाटात काही झालं असतं तर हप्ते नियमित भरूनही विमा कंपनीने हात वर केले असते आणि भरपाईचा दावा थेट मिस्टरांवर, म्हणजे तुमच्या जमिनीवर आला असता. शिवाय चौदा वर्षांखालच्या मुलाला सुरक्षापट्ट्याशिवाय नेल्याचा कलम 194ब खाली 1,000 रुपये दंड वेगळा. तो तुम्हाला लागला नाही इतकंच. चाकं फिरत असताना त्या डब्यात कुणीही नको. डोळा लागलेलं मूलसुद्धा नको.

आता चलानं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिलं म्हणतं, वाहनात बदल केला. दुसरं म्हणतं, माल मागे बाहेर आला. मग डबा आहे काय? वाहनाचा भाग असेल तर तो माल नव्हे आणि माल असेल तर त्याने वाहन बदललं नाही. एकच डबा दोन्ही असू शकत नाही. तुमचं सगळं प्रकरण या एका प्रश्नावर फिरतं आणि उत्तर तुम्हीच ठरवायचं आहे, कारण एकदा न्यायालयात जे म्हणाल ते पुढे विमा कंपनीपुढे आणि आरटीओपुढे तुम्हाला बांधून ठेवेल.

पहिल्या चलानाच्या शेऱ्यात ‘मूळ बॉडी काढली’ असे शब्द आहेत. म्हणजे ते डब्यावर नाही, डेकवर उभं आहे. आणि डेकच्या बाबतीत, मन घट्ट करून सांगतो, पथक बरोबर आहे. मोटार वाहन अधिनियम 1988 चं कलम 52 म्हणतं की आरसीवरचे तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाने करू नये. बॉडीचा प्रकार आणि गाडीचं रिकामं वजन हे दोन्ही तपशील आरसीवर असतात आणि तुमचे दोन्ही बदलले. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाची सैल भूमिका रद्द करून हेच अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षी आलेल्या कलम 182अ(4) मध्ये प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. तेव्हा हे चलान लढवू नका, भरा. पण भरल्याने डेक कायदेशीर होत नाही. उद्या दुसरं पथक दुसरं चलान करेल आणि कलम 53 खाली तुमचं म्हणणं ऐकून नोंदणी निलंबितही करता येते.

दुसऱ्या चलानाचं निराळं आहे. कलम 194(1अ) चे शब्द फार रुंद आहेत: माल, त्याचा भाग किंवा ‘कोणतीही वस्तू’ परवानगीपलीकडे बाहेर आली तर 20,000. तुमच्या फोटोत डबा डेकच्या कडेला बरोबर संपतो. बाहेर आलेली दिसते ती मागची लोखंडी शिडी, जी दुमडून वर अडकवायची राहिली होती. पथकाने मोजमाप लिहिलेलं नाही. न्यायालयात एवढंच मांडा: डबा आत आहे, शिडी दुमडती आहे, माप घेतलेलं नाही. पूर्ण सुटाल याची खात्री देत नाही, पण 20,000 साठी हे म्हणणं मांडण्यासारखं आहे. तुमच्या जिल्ह्यातली लोकअदालत कधी आहे तेही विचारून ठेवा, तिथे तडजोडीला वाव असतो.

एखादा वकील तुम्हाला सुचवेल की पथकाने बदलाचं चलान केलंच आहे, मग डबा गाडीचाच भाग आहे असं म्हणा, 20,000 वाचतील. हा मोह टाळा. मग डबा हाच एक बेकायदा बदल ठरेल आणि तुमच्याच सहीचा कागद त्याला साक्षी राहील. तुमचं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असू द्या: डबा हे आमच्या मालकीचं सामान आहे, ते आम्ही आमच्या मालवाहू गाडीवर वाहून नेतो, थांबल्यावर त्यात झोपतो.

हे म्हणणं टिकायचं तर डबा खरोखर सामानासारखा असला पाहिजे. इथे तुमचा तिसरा फोटो बघा, डब्याच्या आतल्या तळाचा. चार कोपऱ्यांवर टर्नबकल, म्हणजे फिरवून ताणायचे आवळे, आहेत, ते उत्तम. हाताने सैल होतात, डेकखालच्या आडव्या तुळईला धरलेले आहेत. पण पलंगाखाली, रबराच्या पट्टीशेजारी, दोन जाड बोल्ट तळातून आरपार डेकमध्ये गेलेले दिसतात, आणि नटावर वेल्डिंगचा टाका मारलेला आहे. फॅब्रिकेटरने काळजीपोटी मारला असेल. माझ्या दृष्टीने त्या दोन टाक्यांनी तुमचा डबा सामानातून काढून बॉडीत ढकलला. ते बोल्ट काढा. मजबुती हवी तर डेकच्या पुढच्या कडेला आडवा अँगल लावून घ्या, म्हणजे ब्रेक लागल्यावर डबा केबिनवर सरकणार नाही, आणि टर्नबकल चाराऐवजी सहा करा. डब्याखाली चार जॅक लावून गाडी खालून निघते, हे दिवसाउजेडी व्हिडिओवर घेऊन ठेवा. नंबर प्लेट आणि मागचे दिवे डब्याखाली झाकले जात नाहीत ना, तेही एकदा मागे दहा पावलं जाऊन बघा.

वजनाची काळजी मात्र करू नका. आरसीवर एकूण मर्यादा 2,950 किलो, तुमच्या पावतीवर डेक, डबा आणि चालक धरून 2,310. पाणी 80 लिटर, शेजारी तुम्ही, सामानसुमान, सगळं धरलं तरी 2,650 च्या आसपास राहाल. फक्त पाण्याची टाकी मागच्या टोकाला आहे, ती पुढे घेता आली तर मागच्या एक्सलवरचा भार कमी होईल. एकूण मर्यादा 3,000 किलोच्या आत असल्याने मालवाहू परमिटही लागत नाही. दिरांच्या लायसनचं विचारलंत: सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या 6 नोव्हेंबर 2024 च्या निकालाने हलक्या वाहनाचं लायसन असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं. चिंता नको.

डेकचं काय करायचं? आधी तुमच्याच मॉडेलची गाडी कंपनी नुसती केबिन आणि चासी अशीही विकते का, ते डीलरकडून लेखी घ्या. अशा गाडीवर बॉडी वेगळी बांधली जाते आणि बॉडी बांधणारा नमुना 22-अ मध्ये प्रमाणपत्र देतो. तुमचं मॉडेल तसं मिळत असेल तर आरटीओकडे बदलाच्या परवानगीचा अर्ज करण्यात अर्थ आहे. सोबत डेक बांधणाऱ्याचं प्रमाणपत्र, डबा उतरवून केलेली काट्याची नवी पावती, विमा आणि बँकेची लेखी संमती जोडा. तुमच्या आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, मला प्रतीवर दिसलं. बँकेला न विचारता हौदा काढला ही आणखी एक चूक, ती बँकेकडे आपणहून जाऊन निस्तरा. अर्ज फेटाळला तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका, लेखी आदेश मागा. कलम 57 खाली आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. मंजूर झाला तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या.

जयचंद्र निकालानंतर अधिकारी नाही म्हणण्याची शक्यता चांगलीच आहे, हे लपवत नाही. तेव्हा फॅब्रिकेटरच्या आवारात पडलेला मूळ हौदा भंगारात जाऊ देऊ नका. आजच फोन करा. तो परत बसवला की आरसी आणि गाडी पुन्हा जुळतात, आणि फाळके काढून डबा हौद्यावर बसतो का हे मोजून बघता येईल.

डबा आरसीवर चढवून गाडी ‘कॅम्पर व्हॅन’ करता येईल का? खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही केंद्र सरकारच्या 2004 च्या अधिसूचनेनुसार बिगर-परिवहन वाहनांत मोडते, म्हणजे प्रकार कायद्यात आहे. पण त्यासाठी बांधणीला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता लागते आणि एकट्या गाडीसाठी तो खर्च तुमच्या डब्याहून मोठा होईल. लांबचा विचार असेल तर मान्यताप्राप्त बांधणी करणाऱ्याकडून तयार कॅराव्हॅन घेणं स्वस्त पडेल. राज्याचं 2021 चं कॅराव्हॅन पर्यटन धोरण वाचून मिस्टरांना डबा भाड्याने द्यायची कल्पना सुचली आहे, ती या गाडीपुरती सोडून द्या. ते धोरण नोंदणीकृत कॅराव्हॅनसाठी आहे.

दिवाळीचं. डेकचा निर्णय लागेपर्यंत ही गाडी डब्यासह किंवा डब्याविना लांब नेऊ नका, प्रत्येक नाक्यावर तेच 5,000 उभे आहेत. हरिहरेश्वरला या वेळी एसटीने जा. डबा अंगणात चार जॅकवर उतरवून ठेवा, छत वर करा आणि मुलांना चार रात्री त्यात झोपू द्या. उभ्या डब्यात झोपायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि ते बोल्ट काढलेत की मला फोटो पाठवा.