साथ 'लागत' नाही, साथ येते

रोग माणसांच्या संपर्कातून कसा पसरतो, याच्या गणितावर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका प्राध्यापिकेने विचारलंय: 'कॉन्टॅक्ट नेटवर्क'ला, म्हणजे कोण कोणाला भेटतं त्याच्या आराखड्याला, संपर्कजाळं म्हणू की संसर्गजाळं? आणि 'एका व्यक्तीला साथीची लागण झाली' हे वाक्य चालेल ना?

दुसरं आधी घेतो, कारण ते हल्ली रोज कानावर पडतं आणि रोज खटकतं. नाही चालणार. लागण रोगाची होते, माणसाला होते. साथ येते, फैलावते, ओसरते; ती गावात येते. गणितही हेच सांगतं. एका रोग्याकडून सरासरी एकाहून कमी जणांना लागण होत असेल, तर रोग दोन-चार घरं फिरून विझतो. लागण झाली, साथ आलीच नाही.

आणि हे त्या शब्दाच्या पोटातच आहे! 'साथ' आला 'सार्थ'वरून. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. नळाने टाकून दिल्यावर दमयंती ज्यांच्याबरोबर निघाली आणि तळ्याकाठी रात्री ज्यांना रानहत्तींनी तुडवलं, तो सार्थच. चतुर्थ, प्राकृतात चउत्थ, मग चौथा. तसं सार्थ, सत्थ, साथ. 'साथ हा सहचा अपभ्रंश' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी 'ह'चा 'थ' झालेला दुसरा एक शब्द दाखवावा. मी कधीचा मागतोय.

सोबतीची साथ निराळी आणि रोगाची निराळी, असं मानणाऱ्यांशीही माझं जमत नाही. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही माणसांबरोबर चालणाऱ्या. माझं ठाम मत आहे की तांड्याबरोबर गावोगाव जाणारा रोग तीच साथ. वारीला निघण्याआधी पटकीची (कॉलऱ्याची) लस टोचून घ्यावी लागे, हे जुन्या वारकऱ्यांना विचारा. पटकी वाटेवरच्या मुक्कामांनी पुढे सरकायची, एकाच पाणवठ्यावर ओंजळ धरणाऱ्यांतून.

गणितींना मात्र हा तांडा उशिरा दिसला. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी 1927 मध्ये साथ कशी चढते आणि ओसरते याची प्रसिद्ध समीकरणं मांडली आणि ती मुंबईच्या 1905-06 च्या प्लेगमधल्या मृत्यूंच्या आकड्यांवर बसवून दाखवली. वक्र सुरेख बसला. पण त्यात कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो असं धरलं होतं. म्हणजे गिरणगावातल्या एका खोलीत दहा जणांत झोपणारा आणि मलबार हिलच्या बंगल्यातला, दोघांच्या गाठीभेटी सारख्याच! शिवाय तो प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे नव्हे, तर उंदरांवरच्या पिसवांतून येत होता, हा घोटाळा वेगळाच. पुढे जाळ्यांची प्रारूपं (मॉडेल्स) आली तेव्हा प्रश्न बदलला: कोण कोणाबरोबर चालतो? काहींच्या गाठी दोन-तीनच, काहींच्या शेकडो. 2001 मध्ये पास्तोर-सातोर्रास आणि वेस्पिन्यानी या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की गाठींमधली ही तफावत फारच मोठी असली, तर अगदी मंद लागणारा रोगही जाळ्यात टिकून राहू शकतो. सार्थ, दुसरं काय!

हो, जाळ्याचं राहिलंच. 'संपर्कजाळं' लिहा. जाळं काढतात ते गाठीभेटींचं. संसर्ग त्यातल्या काहीच धाग्यांवरून जातो.