साथीला कोण होतं?
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमचे आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. जन्म १९२६ चा. विशीत एका फिरत्या कंपनीबरोबर गेले आणि पुढे सत्तरी उलटेपर्यंत, हौशी असोत की व्यावसायिक, ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे वाजवत राहिले. जन्मशताब्दीनिमित्त घरच्यांपुरती पुस्तिका काढायची आहे. पण लिहायला बसलं की 'संगीताची सेवा केली', 'मनमिळाऊ स्वभाव' याच्या पुढे गाडी सरकत नाही. कात्रणांत नटांची नावं आहेत, आजोबांचं नाही. त्यांची एक वही सापडली, पण तिच्यात तारखा, नाट्यपदांच्या पहिल्या ओळी, गाणाऱ्याचं नाव आणि पुढे 'का. ४', 'पां. ५' असली अक्षरं, एवढंच आहे. घरात सगळे सांगतात की त्यांनी 'संयुक्त मानापमान'ला साथ केली होती. ते लिहावं का? आणि माळ्यावरच्या त्यांच्या पायपेटीचं, म्हणजे त्या ऑर्गनचं, काय करावं?
— एक नात, सांगली

उत्तर : 'एवढंच आहे' म्हणता? अहो, पुस्तिकेचा गाभा हातात धरून तुम्ही मला विषय विचारताय!

'का. ४' म्हणजे काळी चार, 'पां. ५' म्हणजे पांढरी पाच. हे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे क्रमांक. गाणारा ज्या पट्टीला आपला 'सा' धरतो, ती त्याची पट्टी. कोण कुठल्या पट्टीत गातो याची ती नोंद. मी स्वतः पायपेटीवर बसलेली बाई आहे, त्यामुळे अशी वही का ठेवावी लागते ते सांगू शकते. पेटीचे सूर पक्के असतात, तंबोऱ्यासारखी खुंटी पिळून ते वर-खाली करता येत नाहीत. आजच्या 'सौभद्र'च्या प्रयोगातली सुभद्रा काळी चारमध्ये गाते आणि उद्याची पांढरी पाचमध्ये, तर पद तेच, चाल तीच, पण बोटांचं सगळं गणित वेगळं. बरं, एकाच प्रयोगात सुभद्रा काळी चारची आणि कृष्ण पांढरी दोनचा. दोघांच्या पदांमध्ये चार संवाद. संवादाचं शेवटचं वाक्य पडायच्या आत पुढच्याचा षड्ज, म्हणजे 'सा', बोटाखाली तयार हवा. तो चुकला तर नट चाचपडतो आणि प्रेक्षक नटाला हसतात. त्यात वन्समोअर आला तर पुन्हा मागे. 'सौभद्र'चे पाच अंक असं वाजवून झाल्यावर सकाळी पुढच्या गावी. 'संगीताची सेवा' या दोन शब्दांत हे मावत नाही. म्हणून ते दोन शब्द पुस्तिकेतून काढूनच टाका.

आता एक करा. वहीतला कुठलाही एक गायक नट घ्या, ज्याची नोंद वर्षानुवर्षं येते. त्याच्या सगळ्या ओळी तारखेप्रमाणे वेगळ्या कागदावर उतरवा. कदाचित सुरुवातीला काळी तीन दिसेल, काही वर्षांनी पांढरी चार, आणखी पुढे पांढरी तीन. म्हणजे दर टप्प्याला अर्धा स्वर खाली. याची दोन कारणं असू शकतात. एक, माइक आला. त्याआधी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा म्हणून नट चढ्या पट्टीत गायचे. माइक आल्यावर तेवढी गरज उरली नाही. दुसरं कारण वय. कुठलं ते ठरवायचं असेल तर त्याच काळातले तरुण गायक बघा. त्यांचीही पट्टी उतरली असेल तर माइक, एकट्याचीच उतरली असेल तर गळा. गळा उतरलाय हे प्रेक्षकांच्या आधी साथीदाराला कळतं. तो प्रयोगाआधी हळूच विचारतो, "आज अर्धी खाली घेऊ या का?" आणि बाहेर कुणाला सांगत नाही. तुमच्या आजोबांनी ते फक्त वहीत लिहिलं. असं एखादं पान छायाचित्रासकट छापा आणि खाली त्याचा अर्थ द्या. मनमिळाऊपणाची दहा विशेषणं वाचली जाणार नाहीत, हे पान वाचलं जाईल.

'संयुक्त मानापमान'बद्दल. केशवराव भोसले आणि बालगंधर्व या दोन वेगळ्या मंडळ्यांच्या मोठ्या गायक नटांनी एकत्र केलेला 'मानापमान'चा तो गाजलेला प्रयोग मुंबईत ८ जुलै १९२१ रोजी झाला, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. आजोबांचा जन्म १९२६ चा. तेव्हा हे शक्य नाही आणि तसं लिहू नका. पण गोष्ट फेकूनही देऊ नका. मदतीसाठी दोन-तीन मंडळ्यांच्या नटांना एकत्र आणून संयुक्त प्रयोग करायची पद्धत पुढेही राहिली. आजोबा त्यांतल्या एखाद्यात वाजवत असतील. किंवा त्यांच्या गुरूंची आठवण ते सांगत आणि ऐकणाऱ्या मुलांनी ती आजोबांच्या नावावर जमा केली असेल. वहीत 'मानापमान'च्या सगळ्या तारखा शोधा. एखाद्या तारखेला एरवी एकत्र न दिसणारे दोन मोठे गायक एकाखाली एक आले, तर तुमच्या गोष्टीचं मूळ बहुधा तिथेच.

फोटोंमागचे शेरेही असेच तपासा. 'बालगंधर्व, पुणे' असं लिहिलं असेल तर आधी ठरवा, माणूस की नाट्यगृह? बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन २६ जून १९६८ चं, आणि बालगंधर्व गेले १५ जुलै १९६७ ला. फोटोतल्या कपड्यांवरून, केसांवरून घरातलं कुणीतरी वर्ष सांगेलच.

कात्रणांत आजोबांचं नाव नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष, ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे हे लोकांना ठाऊक होतं. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवालेच. पण ती शिखरावरची माणसं. बाकीच्यांसाठी समीक्षणं वाचण्यात वेळ घालवू नका, नाटकांच्या जाहिराती बघा. गावातल्या जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे बांधीव खंड असतील तर वहीतली तारीख घेऊन जा आणि त्या आठवड्याच्या जाहिराती चाळा. कलाकारांच्या यादीखाली बारीक टायपात 'साथ :' असं कधीकधी असतं. नावाचं स्पेलिंग दर वेळी वेगळं मिळेल, त्याची तयारी ठेवा.

पायपेटी माळ्यावरून खाली आणा, पण पॉलिशवाल्याकडे देऊ नका. आधी तिच्यात उंदरांनी घर केलंय का ते बघा. भात्याचं कापड आणि चामडं त्यांना फार आवडतं. पायाने भाता चालतो म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात, हाच तिचा हातपेटीहून मोठा फायदा. म्हणजे भाता गेला की सगळं गेलं. तो बदलून घ्यायला हरकत नाही. ज्यांच्या कंपनातून आवाज निघतो त्या आतल्या पितळी सुरांना मात्र हात लावू देऊ नका. सूर जुळवायचे म्हणजे ते घासायचे, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. वाजायला लागली की मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने मधल्या सप्तकातली पांढरी एक मोजा. आजच्या प्रचलित मापाने ती साधारण २६१.६ हर्ट्झ असते. तुमची पेटी वर-खाली निघाली तर आकडा लिहून ठेवा, पेटी 'दुरुस्त' करू नका. वहीतली काळी चार ही त्या पेटीची काळी चार आहे.

प्रश्न : माझी आजी नाटकांत गायची. १९७८ सालच्या एका प्रयोगाचं विंगेतून केलेलं ध्वनिमुद्रण आमच्याकडे कॅसेटवर आहे. ते संगणकावर घेऊन सगळ्यांना ऐकायला ठेवता येईल का?
— एक नातू, ठाणे

उत्तर : संगणकावर आजच घ्या. आधी कॅसेटच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. आत बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ती वाजवूच नका, जाणकाराकडे न्या. नसतील तर डेकचं हेड स्वच्छ करा, टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि वेव्ह फाइल करा, २४ बिट, किमान ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला ठीक, जपून ठेवायला नाही. मूळ फाइलवर खरखर काढायचे प्रयोग करू नका. त्या खरखरीबरोबर तबल्याची किनारही जाते, आणि विंगेतल्या कुणाचं "तात्या, एंट्री!" सुद्धा. मला विचाराल तर असल्या ध्वनिमुद्रणात तेच ऐकण्यासारखं असतं.

सगळ्यांसाठी ठेवायचं तर कायदा बघावा लागेल. सादर करणाऱ्या कलाकाराचा हक्क प्रयोगाच्या पुढच्या वर्षापासून ५० वर्षं असतो, म्हणजे १९७८ च्या प्रयोगाचा २०२८ अखेरपर्यंत. तो फक्त आजीचा नाही, बरोबरच्या नटांचा आणि पेटी-तबलेवाल्यांचाही. जे आहेत त्यांना, नसतील त्यांच्या घरी विचारा. या निमित्ताने इतर घरांतले फोटोही बाहेर येतात. याखेरीज नाटक आणि चाली यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. 'मानापमान' असेल तर काळजी नाही : नाटककार कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे टेंबे १९५५ मध्ये. पण चाली संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या असतील तर ते १९९८ मध्ये गेले, म्हणजे २०५८ संपेपर्यंत परवानगी हवी.

प्रश्न : वडील नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, अरण्य, रस्ता, सगळं. नाव होतं, पैसा नव्हता. असला तरी घरी यायचा नाही. घर आईच्या शिलाई मशीनवर चाललं. वडिलांवर स्मरणिका काढतोय. भाऊ म्हणतो, घरातलं बाहेर नको. तुमचं मत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लिहा. वडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला नको, पण महिन्याचा किराणा कोण भरत होतं हे स्पष्ट असू द्या. ज्या घरात कलावंत पन्नास वर्षं टिकला त्या घराचा खर्च कुणीतरी उचललेला असतो, आणि स्मरणिकांमध्ये त्या व्यक्तीला 'खंबीर साथ लाभली' या एका ओळीत गुंडाळतात. मला त्या ओळीचा राग येतो. भावाची भीती मात्र समजते. म्हणून छापायला देण्याआधी ते पान त्याला आणि आत्यांना वाचून दाखवा. तपशील चुकला असेल तर दुरुस्त करा. नुसता आवडला नाही म्हणून काढू नका.

आणखी एक चौकशी करा. पडद्याचं कापड, म्हणजे मांजरपाट, एका पन्ह्याचं (रुंदीचं) नसतं, कितीतरी पट्टे एकमेकांना जोडून तो रंगमंचाएवढा करावा लागतो. तुमच्या वडिलांचे पडदे कोण शिवायचं? घरात मशीन होती, म्हणून विचारते. आई असेल तर तिचं नाव ऋणनिर्देशात घालू नका, मुखपृष्ठावर वडिलांच्या शेजारी घाला.