पहिलं वर्ष घरातच काढा : फोटोग्राफीविषयी वाचकांचे प्रश्न

१९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये लुई डागेर या फ्रेंच कलावंताची फोटो काढण्याची पद्धत जगासाठी खुली झाली. त्या निमित्तानं फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. बऱ्याच पत्रांचा सूर एकच निघाला : आमच्याकडे फोटो काढण्यासारखं काही नाही, तर कुठं जाऊ? मी साताऱ्यात वडिलांच्या स्टुडिओत वाढले, पुढं तो चालवला आणि आता हौशी मंडळींना शिकवते. माझं मत ठाम आहे. पहिलं वर्षभर कुठंही जाऊ नका. घरात कोणत्या महिन्यात कोणत्या खिडकीतून कसा उजेड येतो हे ज्याला कळलं, त्याला फोटोग्राफीतलं निम्मं आलं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मोबाइलवर फोटो काढते, पण घरातले फोटो पिवळट आणि धुरकट येतात. यंदा सासूबाईंचे कुरडया करतानाचे फोटो काढायला गेले, तर ‘या अवतारात माझा कसला फोटो काढतेस’ म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. गच्चीवर वाळवणाचे काढले, तेही काळपट आले. चांगला कॅमेरा घ्यावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कॅमेरा एवढ्यात घेऊ नका. आधी मोबाइलची लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या मोबाइलच्या लेन्सवर तेलकट बोटांचा पातळ थर बसतो आणि सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. धुरकटपणाच्या तक्रारी बहुतेक इथंच मिटतात.

आता पिवळेपणा. खिडकीतून येणारा उजेड आणि घरातल्या दिव्यांचा उजेड यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र आले की पांढरा नक्की कोणता धरायचा हे मोबाइलला ठरवता येत नाही. म्हणून दिवसा फोटो काढताना घरातले दिवे सरळ बंद करा. माणसाला खिडकीच्या शेजारी असं बसवा की उजेड एका गालावर येईल. खिडकी पाठीशी आली तर चेहरा काळा पडतो.

तुम्ही कुरडयांचा विषय काढलात याचा मला फार आनंद झाला, कारण उजेड शिकायला वाळवणासारखा विषय नाही. पहाटे चीक शिजतो तिथून सुरुवात करा. वाफ फोटोत येत नाही अशी सगळ्यांची तक्रार असते. वाफेच्या मागून उजेड आला आणि त्याही मागं काहीतरी गडद असलं, म्हणजे ती दिसते. पातेलं खिडकीच्या किंवा उघड्या दाराच्या रेषेत येईल असे उभे राहा, चौकट थोडी तिरकी धरा म्हणजे मागं अंधारी भिंत येईल, मग स्क्रीनवर वाफेला बोट लावून, तिथं उमटणारं उजेड कमी-जास्त करायचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा. चीक ढवळताना वाफ सगळी वर उसळते, तो क्षण धरा.

मग गच्ची. मिरजेत मेच्या पहिल्या पंधरवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. त्या वेळी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, म्हणून एरवी मी दुपारी फोटो काढू नका असंच सांगते. वाळवणाची गोष्ट मात्र वेगळी आहे. पसरलेल्या पांढऱ्या धोतरावरून ऊन परत उसळतं आणि वाकून कुरडया घालणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर खालून येतं. स्टुडिओत हाच परिणाम साधायला आम्ही पांढरे फळे लावतो. तुमचे फोटो काळपट आले, त्याला तेच पांढरं धोतर कारण आहे. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्याच्या जवळ आणू पाहतो. पांढरं जास्त दिसलं की तो फोटो गडद करतो. अशा वेळी सूर्याचं चिन्ह थोडं वर ओढायचं. उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, तेव्हा जिन्याच्या सावलीत जाऊन एकदा तपासून या.

सासूबाईंनी तोंड फिरवलं तर फिरवू द्या. चोरून काढू नका. ‘चेहरा घेत नाही, फक्त हात घेते’ असं सांगून विचारा. सोऱ्या दाबताना मनगट गोल फिरतं, एका हाताची बोटं दट्ट्यावर पांढरी पडतात, बांगड्या मागं कोपराकडं सरकतात. मोबाइल त्यांच्या हाताच्या उंचीला न्या, वरून काढू नका. काढलेला फोटो लगेच दाखवा. स्वतःच्या हातांचा फोटो पाहिल्यावर बऱ्याच आज्या आपणहून पदर सारखा करून बसतात. नाही बसल्या, तरी ते हात तुमच्याकडं राहतील.

प्रश्न : माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आहे. मुलगी सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही, त्यामुळे प्रत्येक फोटो हललेला. फ्लॅश लावला की चेहरा पांढराफटक. ५० एमएमची लेन्स घ्या असं मित्र सुचवतो.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीला थांबवू नका, शटर (उजेड आत सोडणारा पडदा) वेगवान करा. खेळणाऱ्या मुलासाठी १/२५० सेकंद हा माझा किमान आकडा, धावत असेल तर १/५००. घरात एवढ्या वेगाला उजेड पुरत नाही, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२००पर्यंत जाऊ द्या. फोटोत दाणे येतील. येऊ देत. दाणेदार पण स्पष्ट फोटो घरचे लोक आवडीनं पाहतात, हललेला कुणी पुन्हा उघडत नाही.

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. एफ १.८ची, म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स तुमच्या लेन्सपेक्षा पाच-सहापट उजेड आत घेते, घरात ती हवीच. पण तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (आतला उजेड टिपणारा भाग) बहुधा लहान आकाराचा असेल आणि त्यावर ५० एमएम फार जवळचं दाखवते. डोंबिवलीच्या हॉलमध्ये मुलीचा पूर्ण फोटो घ्यायला तुम्हाला भिंतीला पाठ टेकावी लागेल. ३५ एमएम पाहा. आणि फ्लॅश काही महिने कपाटातच ठेवा.

दिवाळीत बिल्डिंगखाली मुलं किल्ला करतील, तेव्हा जमिनीवर बसा. उभ्यानं काढलेल्या फोटोत मुलांचे भांग तेवढे दिसतात. दगड रचणं, गोणपाटावर चिखल थापणं, हळीव पेरणं, बुरुज ढासळला म्हणून झालेलं भांडण, हे सगळं चार-पाच दिवस चालतं. रोज थोडा वेळ तिथं बसलात की मुलं तुम्हाला विसरतात. ‘इकडं बघ, हस’ हे शब्द मात्र तोंडातून काढायचे नाहीत. ते एकदा ऐकले की पुढं कॅमेरा दिसला तरी मुलं दात दाखवतात. दुसऱ्यांची मुलं फोटोत असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : एवढा पाऊस पडतो, पण फोटोत पाऊस दिसतच नाही. शिवाय गेल्या पावसाळ्यात लेन्सच्या आत जाळी धरली. दुरुस्ती करणारा म्हणाला, बुरशी आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पाऊस उजेडाच्या विरुद्ध बाजूनं पाहावा लागतो. ढगातून उघडीप झाली की सूर्याच्या दिशेनं तोंड करा आणि मागं गडद काहीतरी येऊ द्या : ओली कौलं, जांभ्याची भिंत, फणसाची गर्द पानं. आभाळ मागं आलं तर थेंब दिसणारच नाहीत. १/५००ला थेंब हवेत थांबतात, १/६०ला त्यांच्या रेघा होतात. तुम्ही कोकणात आहात, म्हणून माझा आग्रह पागोळ्यांसाठी. कौलाच्या टोकाशी थेंब आधी फुगतो, लांबतो, मग सुटतो, आणि खाली अंगणात त्यांच्या रांगेनं बारीक खड्डे पडलेले असतात. पागोळी त्याच जागी पुन्हा पुन्हा पडते, त्यामुळं फोकस आधी तिथं लावून ठेवता येतो. ओटीवर कोरड्यात बसून शटर स्पीड शिकायची याहून सोय मला माहीत नाही.

बुरशीचं ऐकून वाईट वाटलं. जाळी काचेवर फार दिवस राहिली तर लेपावर कायमचा डाग पडतो, म्हणून लगेच साफ करून घ्या. पुढच्या पावसाळ्यापासून लेन्स चामडी किंवा कापडी पिशवीत ठेवू नका, ती ओल धरते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवा आणि खडे ओलावले की गरम करून वाळवा. तांदळात ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तांदळाची पूड लेन्सच्या कड्यांत शिरते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा कॅमेरा बाहेर काढून वापरणं. बुरशीला अंधार, ओल आणि स्थिर हवा लागते.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये आहे, वय १९. स्पर्धांमध्ये कासची फुलं, काजवे, वारी यांचे फोटो जिंकतात. घरच्या फोटोंना कोण विचारतं? मला कासला नेमकं कधी जावं ते सांगा.
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : वय कळवलंस म्हणून ‘तू’ म्हणते. कास आमच्या घरापासून जवळ, तेव्हा आधी त्याचं सांगते. ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर बहर असतो, पाऊस कसा झाला त्यावर पुढंमागं होतो. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. तिथं येणाऱ्यांच्या संख्येवर बंधन आहे, आधी नोंदणी करून जा. सकाळी लवकर पोच, शनिवार-रविवार टाळ. सगळे गुलाबी तेरड्याच्या गालिच्याकडं धावतात. तू वाटेच्या कडेला उकिडवा बस आणि सीतेच्या आसवांकडं पाहा : निळं-जांभळं, नखाएवढं फूल, ओल्या जमिनीत उभं. तेवढ्यासाठी वाट सोडून एक पाऊलही आत टाकायचं नाही. त्या पठारावर मातीचा थर फार पातळ आहे. काजव्यांच्या बाबतीत मी आणखी कडक आहे : टॉर्च नाही, फ्लॅश नाही. ते चमकून जोडीदार शोधत असतात आणि आपला उजेड त्यात मोडता घालतो.

आता घरच्या फोटोंचं. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचं पहिलं काम कॉलेजात असतानाच मिळालं होतं आणि ते होतं एका सहलीचे फोटो काढण्याचं. मुंबईत शिकताना त्यांनी आपल्या वर्गमैत्रिणींचे काढलेले फोटो आज लोक आवर्जून पाहतात. ओळखीच्या माणसांपाशी उभं राहून काढलेले फोटो आहेत ते.

वारीला जायलाही तुला लांब जावं लागत नाही. ज्येष्ठात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात. रथाभोवतीच्या गर्दीत कॅमेऱ्यांची रीघ असते, तिथून तुझ्या हाती तोच एक फोटो येईल. त्याऐवजी तुझ्या गल्लीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या वर्गात वारकरी उतरतात तिथं थांब. पायांना तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्या बाया, दोरीवर वाळणारी लुगडी, तुझी आई वाढत असलेली पिठलं-भाकरी. आधी चार भाकऱ्या वाढ, गप्पा मार, मग कॅमेरा काढ. हे फोटो दुसऱ्या कुणाकडं असणार नाहीत, आणि परीक्षकांनाही तेच कळतं.

प्रश्न : जानेवारीत मुलाचं बोरन्हाण करणार आहोत. काळं झबलं, हलव्याचे दागिने भारतातून मागवलेत. थोरलीच्या वेळी झबलं राखाडी दिसलं आणि हलव्याचे नुसते पांढरे ठिपके. बाहेर बर्फात काढले तर बर्फच मळकट.
— एक वाचक, टोरोंटो

उत्तर : वर कुरडयांच्या धोतराविषयी लिहिलंय तोच नियम इथं दोन्ही बाजूंनी लागू होतो. काळं झबलं पाहून कॅमेरा फोटो उजळ करतो, म्हणून काळ्याचं राखाडी होतं आणि हलवा नुसता पांढराफटक होतो. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) उणे १च्या आसपास ठेवा. बर्फात उलट : अधिक १, लख्ख ऊन असेल तर आणखी थोडं.

बोरन्हाण संध्याकाळी दिव्यांखाली करण्याऐवजी दुपारी करता येईल का पाहा. संक्रांतीच्या सुमारास तुमच्याकडं भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंश वर असतो, त्यामुळं दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या पोटात येतं. सुट्टी जुळत नसेल तर रथसप्तमीपर्यंत मुदत आहे. बाळाचा पाट खिडकीच्या बाजूला ठेवा, ऊन फार कडक वाटलं तर खिडकीला पातळ पांढरी ओढणी लावा. तिरका उजेड पडला की हलव्याचा काटा न् काटा वेगळा दिसतो. ज्या कुणी पातेल्यापाशी बसून एकेक दाण्यावर तो काटा आणलाय, तिच्या कष्टांसाठी एक फोटो अगदी जवळून फक्त मुकुटाचा घ्या.

बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून ओततात तेव्हा १/५०० आणि सलग फोटो. बोरं वेचायला झेपावणाऱ्या मुलांना विसरू नका, आणि ताटली ओतणाऱ्या आजीचा चेहरा चौकटीत राहील एवढं मागं सरका.

प्रश्न : घरात जुने अल्बम आहेत. रंग उडत चाललेत, पानांना फोटो चिकटलेत. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चिकटलेले ओढून काढू नका, वरचा थर फाटतो. पानासकट मोबाइलवर फोटो घ्या : ढगाळ दिवशी, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाइल पानाला समांतर. अल्बमवर प्लास्टिक असेल तर चमक टाळायला पान थोडं फिरवून पाहा. या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, फक्त फोनमध्ये नको. सुट्या फोटोंच्या मागं बॉलपेन दाबून लिहू नका, पुढं उमटतं. मऊ पेन्सिलनं हलक्या हातानं लिहा किंवा नावं पाकिटावर लिहा.

अल्बम दुरुस्त व्हायला सवड आहे, नावांना नाही. मावशी, आत्या, काका जे कुणी असतील त्यांच्यासमोर पानं उलटा आणि शेजारी रेकॉर्डिंग चालू ठेवा. मुंजीच्या फोटोत मागच्या रांगेत कडेला कोण उभं आहे, वाडा कुणाचा, साल कोणतं, हे सगळं विचारा. लांब असतील त्यांना याच आठवड्यात फोन करा.