बेदाण्याच्या शेडवरची लॅब्राडोर

प्रश्न : तासगावजवळ आमचे बेदाण्याचे शेड असून तेथे राखणीला पाच वर्षांची लॅब्राडोर कुत्री आहे. गेल्या आठवड्यात भर दुपारी ती धापा टाकत झोकांड्या खाऊ लागली आणि तोंडातून चिकट लाळ गळू लागली. आम्ही तिच्या अंगावर बर्फ ठेवला. तासाभराने ती सावरली, मात्र रात्री दोनदा ओकली. बर्फ लावला हे बरोबर केले का? उन्हाळ्यापुरते तिचे केस भादरावेत का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे उष्माघाताची आहेत. कुत्र्याला पंजांच्या गाद्यांतून थोडासा घाम येतो, तेवढा सोडला तर धापा टाकूनच त्याला अंगातील उष्णता बाहेर काढावी लागते. आणि पत्र्याखाली कोंडलेली हवाच तापलेली असली, म्हणजे कितीही धापा टाकल्या तरी ती उष्णता बाहेर पडत नाही. निरोगी कुत्र्याच्या अंगाचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०४ च्या पुढे गेले की धोका सुरू होतो.

बर्फ अंगावर दाबून ठेवल्यास कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात व आतली उष्णता आतच राहते. त्याऐवजी सावलीत नेऊन पोट, काखा, जांघा व पंजांवर साधे गार पाणी सतत ओतावे आणि पंखा लावावा. छतावरच्या टाकीचे पाणी दुपारी चटका देण्याइतके तापलेले असते, ते वापरू नये. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, कारण त्याने वारा अडतो. तोंडात पाणी बळेच घालू नये. पाणी ओतत असतानाच दवाखान्यात न्यावे; वरवर सावरलेल्या जनावराचेही मूत्रपिंड व यकृत पुढील एक-दोन दिवसांत बिघडू शकते.

केस मात्र भादरू नयेत. लॅब्राडोरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि ते उन्हापासूनही तिचे रक्षण करतात. रोज विंचरून गळालेली लव काढली तरी पुरे.

आपल्या पत्रातील ओकारीने मला अधिक काळजी वाटते. उष्माघाताने ओकारी होतेच. पण द्राक्षे व बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात, हे आपल्या भागात, जिथे रॅकखाली बेदाणा सांडलेला असतो, फार थोड्या घरांत ठाऊक आहे. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, तर काहींचे मूत्रपिंड मूठभर बेदाण्यांनीही निकामी होते, आणि आपले कुत्रे कोणते हे आधी कळत नाही. म्हणून ती आज खेळती असली तरी मूत्रपिंडाचे काम नीट चालले आहे का हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन व युरिया तपासून घ्यावे, तिला रॅकपासून दूर कडुलिंबाखाली बांधावे, पाण्याची दोन भांडी सावलीत भरून ठेवावीत, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत ती लघवी किती वेळा करते याकडे घरातील एकाने लक्ष द्यावे. लघवी कमी झाल्यास सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकांकडे न्यावे.