यावल-रावेर पट्ट्यातील भूजल का खाली जाते, हे ग्रामसभेत चित्रातून कसे समजवावे?

आकड्यांचे तक्ते बाजूला ठेवून जमिनीचा एकच उभा छेद काढावा, असे माझे मत आहे. उत्तरेला सातपुडा, त्याच्या पायथ्याशी दगडगोटे व वाळूचा बझाडा पट्टा, पुढे केळीच्या बागा आणि दक्षिणेला तापी, असे मोठ्या कागदावर दाखवले, तर डोंगरातून उतरणारे नाल्यांचे पाणी कोठे मुरते आणि कूपनलिका तेच पाणी किती खोलवरून उपसतात, हे अक्षर न वाचताही कळते. निळा रंग फक्त पाण्यासाठी राखावा. गावातील एखाद्या ओळखीच्या विहिरीची ऑक्टोबर आणि मे महिन्यातील पातळी प्रत्यक्ष मोजून दोन रेषांनी दाखवावी. परक्या गावाच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. छेदात खोली मुद्दाम ताणून काढावी लागते, हे मात्र तोंडी सांगावे, नाहीतर तापी दरीत कोसळल्यासारखी दिसते! फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1858 मध्ये सैनिकांच्या मृत्यूंची आकृती काढली, तीही जखमांपेक्षा रोगांनी अधिक बळी घेतले, हा एकच मुद्दा ठसवण्यासाठी. ठिबकचा विषय म्हणूनच या चित्रात कोंबू नये; त्यासाठी वेगळा कागद घ्यावा.