जपानमधली जुनी वस्ती पायी फिरायची असेल तर क्योटो सोडून कुठे जावं?

तुम्ही असंही विचारलंय की अशा ठिकाणी दिवसभर करायला काही असतं का. तर माझं उत्तर त्सुमागो, आणि करायला फारसं काही नाही. एक रात्र मात्र नक्की राहा.

एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथून डोंगरातून क्योटोला जाणाऱ्या नाकासेन्दो या जुन्या हमरस्त्यावर 69 मुक्कामाची गावं होती. त्सुमागो त्यातलं 42वं, किसो खोऱ्यातलं. पुढे रेल्वे आली ती किसो नदीच्या काठाने गेली आणि त्सुमागो बाजूला पडलं. धंदा बसला, तरुण मंडळी बाहेर पडली, जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडेच उरला नाही. आज आपण ज्याचे फोटो काढतो ते असं गरिबीमुळे वाचलंय. 1968 पासून डागडुजी सुरू झाली आणि 1971 साली गावकऱ्यांनी ठरवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. साताऱ्याच्या आमच्या वाड्याचं आम्ही चुलत भावंडांनी नेमकं याच्या उलट केलं. आधी भाड्याने दिला, मग विकला, आणि घेणाऱ्याने पाडला. त्यामुळे ते तीन शब्द वाचून जरा टोचलं.

गावात वाट एकच. दिवसा गाड्यांना बंदी, विजेच्या तारा समोरून दिसत नाहीत. घरं लाकडी, वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला, दर्शनी बाजूला उभ्या पट्ट्यांची जाळी. काही छपरांवर लाकडाच्या फळ्या आणि त्या उडू नयेत म्हणून वर चक्क दगड ठेवलेले. एका टोकाला रस्ता मुद्दाम काटकोनात दोनदा वळवलाय, शत्रू सरळ आत घुसू नये म्हणून. आपल्या गडांच्या दरवाजांपुढचं वळण आठवलं.

वेळ द्यायचा तो ओकुया या घराला. बडे पाहुणे उतरायचे ते हे घर, 1877 साली नव्याने बांधलेलं, सगळं हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या लाकडात. एदो काळात (1603 ते 1868) किसोमध्ये हिनोकी तोडायला सक्त मनाई होती. 'एका झाडाला एक मुंडकं' अशी तिथली म्हणच आहे. बंदी उठल्यावर या घराने हौस भागवून घेतलेली दिसते! आत जमिनीत चौकोनी चूल आहे, धुराडं नाही. धूर वर चढतो, तुळयांना लागतो, त्याने लाकडाला कीड लागत नाही. मी गेलो तेव्हा नोव्हेंबर होता. जाळीतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या त्या धुरात उतरल्या होत्या आणि मी पायमोजे घालून थंडगार फळ्यांवर बराच वेळ उभा होतो. कपड्यांना आजीच्या स्वयंपाकघराचा वास लागला, तो पुढे दोन दिवस गेला नाही.

दुपारी चार-पाचच्या सुमारास दुकानं बंद होतात, बसमधून आलेली माणसं निघून जातात. मग कंदील लागतात आणि ओढ्याचा आवाज येऊ लागतो. मुक्काम करा म्हणतो तो यासाठी. मिन्शुकुमध्ये, म्हणजे एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या घरगुती निवासात राहा, पण जेवण सहालाच असतं, उशीर करू नका. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा. नुसती भाजी दिसली तरी रस्सा बहुतेक वेळा माशाच्या पाण्यातला असतो. रस्त्यावर मिळणारा गोहेई मोची, म्हणजे काडीवर थापलेला भात, अक्रोड आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं वाटण) लावून निखाऱ्यावर भाजलेला, मी तीन वेळा खाल्ला.

पाय बरे असतील तर मागोमे या शेजारच्या मुक्कामाच्या गावाहून त्सुमागोपर्यंत जुन्या वाटेने चालत या. साधारण आठ किलोमीटर, तीन तास. याच दिशेने चला, चढ कमी पडतो. मागोमेही देखणं आहे, पण ते 1895 आणि 1915 अशा दोन आगींत जळलं, तिथली घरं त्यानंतरची. वाटेत अस्वलं जवळ येऊ नयेत म्हणून घंटा टांगल्यात, त्या वाजवत जायचं. मी एकही सोडली नाही.

नागोयाहून नागिसो स्टेशनपर्यंत रेल्वे, पुढे बस. बसेस मोजक्याच आहेत, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. मी परतीची चुकवली आणि स्टेशनपर्यंत तासभर बॅग ओढत गेलो.